चांगली खेळणाऱ्या मुलीने पाय आखडता घ्यावा का?

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका आईने हे पत्र पाठवले आहे. त्यांची मुलगी सातवीत शिकते, नुकतीच बारा वर्षांची झाली आहे आणि दोन वर्षांपासून गावातल्या मंडळात खो-खो खेळते. यंदा तिचा खेळ एकाएकी इतका वर गेला आहे की किशोरी (14 वर्षांखालील) गटाच्या सराव सामन्यांत ती चार-चार मिनिटे कोणाच्या हाती लागत नाही. आमच्या मुलींना पळायलाच मिळत नाही, हिला मोठ्या गटात घाला, अशी तक्रार काही पालकांनी सरांकडे केली, आणि तिची उंची पाहून एका पालकाने जन्मदाखला दाखवा असेही म्हटले. सरांनी मुलीला बाजूला घेऊन ‘सराव सामन्यात जरा दमाने खेळ’ असे सांगितले. तिच्याबरोबर सायकलवरून मैदानावर जाणारी जिवलग मैत्रीण आता येईनाशी झाली आहे. गेल्या रविवारी शेजारच्या गावाबरोबरच्या सामन्यात ही मुलगी मिनिटभरात बाद झाली, आणि ती मुद्दाम बाद झाली हे आईच्या लक्षात आले. घरी विचारल्यावर ती म्हणाली, ‘मी लवकर आउट झाले की सगळ्या माझ्याशी बोलतात.’ लोक जळतात, लक्ष देऊ नका, असे वडिलांचे म्हणणे आहे. तिने किती मिनिटे संरक्षण केले हे ते दर सामन्यानंतर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. आईचे प्रश्न तीन आहेत. मुलीने थोडे सांभाळून खेळलेलेच बरे का? की तिला मोठ्या गटात किंवा क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात, घालावे? आणि इतर मुलींवर खरोखरच अन्याय होत आहे का?

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपेक्षाही मला तुमच्या पत्रातला रविवारच्या सामन्याचा तपशील अधिक महत्त्वाचा वाटला. आक्रमक मुलगी अंगावर येत असताना तुमच्या मुलीला बसलेल्या दोघींच्या मधून मध्यरेषा ओलांडून पलीकडे निसटणे सहज शक्य होते, असे तुम्ही लिहिता. उठलेल्या आक्रमकाला ती रेषा ओलांडता येत नाही, ही खो-खोची पहिली बाराखडी तिला केव्हाच पाठ झालेली आहे. तरीही ती रेषेच्या त्याच बाजूला, पाठीवर हात पडेपर्यंत रेंगाळली. ज्याला खेळ कळत नाही त्याला यात काही वावगे दिसले नसते. तुम्हाला दिसले, तुम्ही घरी जाऊन तिला विचारले, आणि तिनेही थाप न मारता खरे कारण सांगितले. मायलेकींमधला हा मोकळेपणा शाबूत आहे, त्यामुळे पुढचे सगळे मला आटोक्यातले वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, तिने मुद्दाम कमी खेळू नये, आणि तसे तिला कोणी सांगूही नये, मग सांगणारे सर कितीही भले असोत. वरवर पाहता ही समजूतदारपणाची गोष्ट वाटते, पण त्यात कोणाचेच भले होत नाही. जिने तिला रविवारी बाद केले त्या मुलीला आपण चांगला गडी टिपला असे वाटले असेल. ते खोटे आहे, आणि तिला ते माहीत नाही. तुमच्या संघातल्या बाकीच्या मुलींना वाटले असेल की संरक्षणाला आधी उतरणारी आपली पहिली तुकडी कच्ची आहे. तेही खोटे आहे. सरांना तर आपल्या संघाचा खरा अंदाजच येणार नाही. आणि तुमची मुलगी मैत्री टिकवायची तर आपल्याला जे येते ते झाकून ठेवावे लागते, असा धडा बाराव्या वर्षी शिकेल. मुलींना हा धडा शिकवायला आपल्याकडे पुढे सासर-माहेर मिळून पुष्कळ लोक टपलेले असतात. निदान मैदानावर तरी तो नको.

आपल्या भागात कुस्तीचे फड भरतात, म्हणून तिथलेच सांगते. जत्रेच्या फडात जोड लावण्याचे काम पंचांचे आणि वस्तादांचे असते. वजन, वय आणि तयारी पाहून तोलामोलाची जोड लावायची, आणि जोड विजोड निघाली तर बोल जोड लावणाऱ्याला लागतो. चितपट करणाऱ्या पोराला ‘अंमळ हळू पाडायचे होतेस’ असे कोणी म्हणत नाही. उलट कोणी नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून लुटुपुटीची कुस्ती केली, तर ओरडा करून दोघांनाही आखाड्याबाहेर घालवणारे प्रेक्षक हेच असतात. तुमच्या गावच्या मैदानावर मात्र उलटे झाले आहे. गट कसे पाडायचे, कोणाला किती वेळ पळू द्यायचे, सराव सामना कशासाठी खेळायचा, हे ठरवण्याचे काम मोठ्या माणसांचे होते. ते न झाल्यामुळे जो असमतोल निर्माण झाला तो भरून काढण्याची जबाबदारी एका मुलीच्या कानात कुजबुजून तिच्यावर टाकली गेली.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळते, आणि इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. ‘लोक जळतात’ हे वाक्य बोलायला सोपे असते, कारण ते म्हटले की समोरच्याच्या तक्रारीत काही तथ्य आहे का हे तपासावे लागत नाही. काही पालक जळतही असतील; जन्मदाखल्याची मागणी ज्या सुरात झाली असे तुम्ही लिहिता, तो सूर काही फार निर्मळ वाटत नाही. पण तक्रारीचा गाभा पाहा. किशोरी गटात संरक्षणाची एक पाळी सात मिनिटांची असते. संघातल्या नऊ जणी तिघी-तिघींच्या तीन तुकड्या करून आत येतात, आणि आधीच्या तुकडीतल्या तिघीही बाद झाल्याशिवाय पुढची तुकडी आत येत नाही. तुमची मुलगी पहिल्या तुकडीत असते. ती एकटी पाच मिनिटे टिकली, तर उरलेल्या दोन मिनिटांत दुसरी तुकडी कशीबशी पळते आणि तिसऱ्या तुकडीतल्या तिघी पायात बूट घालून, केस घट्ट बांधून, रेषेबाहेर उभ्याच राहतात. असे एका सामन्यात झाले तर संघाचा विजय म्हणून त्याही टाळ्या वाजवतील. आठवड्याच्या प्रत्येक सराव सामन्यात तेच होऊ लागले, तर त्या मुलींना संरक्षण शिकण्याची संधीच उरत नाही. अंगावर आक्रमक येत असताना दिशा बदलणे, साखळीत शिरणे (बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळणे), खांबापाशी हुलकावणी देणे या गोष्टी बाहेर उभे राहून पाहून येत नाहीत.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की इतर मुलींची गैरसोय खरी आहे, ती खो-खोच्या रचनेतूनच येते, पण ती तुमच्या मुलीने केलेली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की तुम्हाला त्या पालकांशी बोलणे सोपे जाईल. ‘माझ्या मुलीला पळायला मिळत नाही’ ही मागणी रास्त आहे. ‘म्हणून तुमच्या मुलीने कमी पळावे’ ही मागणी रास्त नाही.

एक गोष्ट तुम्हीही तपासून पाहावी असे मला वाटते. तुम्ही, तुमचे यजमान, सर आणि तक्रार करणारे पालक असे सगळेच एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात, ती म्हणजे ही मुलगी इतरांपेक्षा सरस आहे आणि तशीच राहणार आहे. कदाचित राहीलही. पण मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते तो काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास असतो, मुलांचा चौदाव्याच्या आसपास, आणि ही झाली सरासरी. प्रत्यक्षात एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या वाढीत दोन-दोन वर्षांचे अंतर पडू शकते. वर्षभरात तिची उंची बरीच वाढली, असे तुम्हीच लिहिले आहे. लांब टांगा, वाढलेली ताकद, दमसास यांचा फायदा तिला आज मिळतो आहे. संघातल्या उशिरा वाढणाऱ्या मुलींना तो आणखी दीड-दोन वर्षांनी मिळेल, आणि तेव्हा आजचे अंतर बरेच कमी झालेले दिसेल. जन्ममहिन्याचाही असाच परिणाम होतो. 1980 च्या दशकात रॉजर बार्न्स्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आईस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या, तेव्हा वयोगटाची गणना जिथे जानेवारीपासून होते तिथे वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले निवडक संघांत फार मोठ्या प्रमाणात आढळली. निवडीच्या वेळी ती इतरांपेक्षा काही महिन्यांनी मोठी होती, म्हणून निवडली गेली. निवडली गेली म्हणून त्यांना चांगले प्रशिक्षण मिळाले. आणि प्रशिक्षण मिळाले म्हणून ती खरोखरच पुढे गेली. पुढे अनेक देशांत आणि अनेक खेळांत हेच दिसून आले. गेल्या दशकात इंग्लंडमधल्या काही व्यावसायिक फुटबॉल क्लबांनी आपल्या अकादमीतल्या मुलांचे काही सामने जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून खेळवून पाहिले. लवकर वाढलेल्या मुलांना तिथे प्रथमच नुसत्या ताकदीवर भागेना, डोके चालवावे लागले. आणि उशिरा वाढणाऱ्यांना आपले कौशल्य दाखवायला वाव मिळाला.

हे सांगण्यामागे तिच्या मेहनतीला कमी लेखण्याचा हेतू नाही. दोन वर्षे रोज संध्याकाळी मैदानावर जाणारी मुलगी केवळ उंचीवर चार मिनिटे टिकत नाही. पण आजची आघाडी थोडी मेहनतीची, थोडी उपजत चपळाईची आणि थोडी वाढीच्या वेळापत्रकाची आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असेल, तर ती आघाडी उद्या कमी झाल्यावर मुलीला आपण बिघडलो असे वाटणार नाही. सोळाव्या वर्षी खेळ सोडून देणाऱ्या मुलींमध्ये बाराव्या वर्षीच्या ‘स्टार’ कमी नसतात.

दुसरे असे की सरस कोण हे आपण कशावरून ठरवतो? सामन्याच्या बातमीत प्रत्येकीच्या नावापुढे संरक्षणाची मिनिटे आणि बाद केलेले गडी एवढेच छापून येते. जिने योग्य क्षणी खो दिला, म्हणून पुढचीला गडी टिपता आला, तिचे नाव कुठेच येत नाही. वास्तविक आक्रमणात एकटीच्या पळण्याने काही साधत नाही. आठ जणी बसलेल्या असतात, नववी पाठलाग करते, आणि सगळा डाव खो कोणाला, कधी आणि कोणत्या दिशेला द्यायचा यावर उभा असतो. तुमची मुलगी आक्रमणात कशी आहे याबद्दल तुमच्या तीन पानी पत्रात एक ओळही नाही. यजमानांच्या ग्रुपवरही मिनिटेच जातात. तिथे मिनिटे टाकणे थांबवावे अशी माझी त्यांना विनंती आहे; टाकायचेच असेल तर पूर्ण संघाचा निकाल टाकावा. संघातल्या एखाद्या मुलीचे मामा त्या ग्रुपवर असणारच, आपला तालुका काही तेवढा मोठा नाही.

आता मोठ्या गटाचा प्रश्न. या सूचनेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे आहेत. खो-खो संघटनेच्या स्पर्धांत किशोरी गटानंतरचा कुमारी गट 18 वर्षांखालील आहे. म्हणजे आज तिला कायमचे वर ढकलले, तर बारा वर्षांची मुलगी सोळा-सतरा वर्षांच्या मुलींबरोबर खेळेल. तिथे ती बहुतेक वेळा बाकावर बसेल, आणि ज्या अन्यायाची तक्रार आज इतर पालक करत आहेत तोच तिच्या वाट्याला येईल. शिवाय त्या वयाच्या मुलींच्या गप्पा आणि त्यांचे विषय वेगळे असतात. सातवीतल्या मुलीला तिथे फार एकटे वाटू शकते.

पण सरावापुरते वर खेळणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला आवश्यक वाटते. तुमच्या मुलीला आज हरवणारे कोणी नाही. ज्या खेळाडूला महिनोनमहिने कोणी हरवत नाही तिच्या खेळात आळस शिरतो, तीच हुलकावणी, तीच साखळी पुन्हा पुन्हा वापरली जाते. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिने मोठ्या मुलींच्या आक्रमणासमोर पळावे, गावात मुलांचा संघ असेल तर त्यांच्यासमोरही. तिथे ती मिनिटभरात बाद होईल, आणि या वेळी खरोखर बाद होईल. उरलेले दिवस ती आपल्याच वयाच्या मैत्रिणींबरोबर राहील. कोणत्या वयाच्या खेळाडूने कोणत्या गटात प्रत्यक्ष स्पर्धा खेळायची याचे नियम स्पर्धेनुसार बदलतात, म्हणून प्रवेशिका भरण्यापूर्वी सरांकडून ते नीट समजून घ्या.

सांगलीत हा विषय निघाला की कोणीतरी स्मृती मानधनाचे उदाहरण देतेच, आणि ते खरेही आहे. माधवनगरात वाढलेली ही मुलगी नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी 19 वर्षांखालील संघात निवडली गेली. परंतु हे उदाहरण आपल्याला माहीत आहे ते ती यशस्वी झाली म्हणून. लहान वयात मोठ्यांत टाकल्यामुळे दबून गेलेल्या, दुखापतीने मागे पडलेल्या, कंटाळून सोडून दिलेल्या मुलींची नावे आपल्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून एका उदाहरणावरून आपल्या मुलीचा निर्णय करू नये. तिच्या घरी क्रिकेट आधीपासूनच होते, हेही लक्षात घ्यायला हवे. वडील जिल्हा पातळीवर खेळलेले, मोठा भाऊ महाराष्ट्राच्या 16 वर्षांखालील संघात. त्या मुलीच्या भोवती खेळ जाणणारी माणसे होती.

क्रीडा प्रबोधिनीचा विचार मी एक वर्ष तरी पुढे ढकलेन. निवासी प्रशिक्षण वाईट नसते, पण तुमच्या पत्राचा सूर पाहता आज तिला तिथे पाठवणे म्हणजे गावातल्या कटकटीतून सुटका करून घेणे होईल. कटकटीपासून पळण्यासाठी बारा वर्षांच्या मुलीने घर सोडू नये. ती स्वतःहून मागू लागली, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तिच्या खेळासाठी कुठे प्रवेश आहे, चाचण्या कधी असतात, शाळेचे काय, हे तिला सोबत घेऊनच विचारा.

मग लगेच काय करायचे? मला वाटते, सरांना भेटा, पण मुलीला न घेता आणि मैदानावर सगळ्यांसमोर नव्हे. ‘तुम्ही तिला हळू खेळायला का सांगितलेत’ अशी सुरुवात केली, तर ते बचाव करत बसतील. ते बहुधा पगाराशिवाय किंवा अगदी थोड्या मानधनावर रोजची संध्याकाळ देणारे गृहस्थ असावेत, आणि दोन्ही बाजूंच्या पालकांनी त्यांना कोंडीत धरले आहे. त्यांच्यापुढे तक्रार न मांडता एक तोडगा मांडा. सराव सामन्यात सात मिनिटांचे तीन समान भाग केले तर प्रत्येक तुकडीला 2 मिनिटे 20 सेकंद येतात. तेवढा वेळ झाला की शिट्टी वाजवायची, आतली तुकडी नाबाद असली तरी बाहेर यायचे आणि पुढचीने आत जायचे. तुकडी आधीच बाद झाली, तर त्याच तिघींनी वेळ संपेपर्यंत पुन्हा उतरायचे. हा नियम सगळ्यांसाठी, सगळ्यांसमोर जाहीर करायचा. मग तुमच्या मुलीला त्या 2 मिनिटे 20 सेकंदांत जीव तोडून पळता येईल, आणि तिच्या पळण्याने कोणाचा वेळ खाल्ला जाणार नाही. तेच बंधन एकटीला कानात सांगितले की ती शिक्षा ठरते. कधी तिला तिसऱ्या तुकडीत टाकावे, कधी तुकड्यांची सरमिसळ करून तिच्यासोबत दोन नवख्या मुली द्याव्यात, म्हणजे आक्रमण अंगावर ओढून घेऊन सोबतिणीला सोडवणे हे अधिक अवघड काम तिला शिकावे लागेल. आणि आक्रमणाच्या वेळी काही दिवस तिने गडी टिपण्याऐवजी फक्त खो देण्याची जबाबदारी घ्यावी, असेही सर सांगू शकतात. यात ती कमी खेळत नाही, तिचा कस लागतो.

तालुका आणि जिल्हा पातळीच्या सामन्यात मात्र हे नियम लागू करू नयेत. तिथे संघ जिंकण्यासाठी उतरतो, तुकड्यांचा क्रम सर डाव पाहून ठरवतील, आणि तिसरी तुकडी बाहेर राहिली तर राहील. सरावात प्रत्येकीला पुरेसे पळायला मिळाले असेल, तर ही गोष्ट पालकांनाही पटवता येते. बाद पद्धतीच्या एका सामन्यात निम्म्या संघांचे वर्ष संपवणारी आपली शालेय स्पर्धांची रचना लहान मुलांसाठी योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. नॉर्वेत अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी लावायलाच परवानगी नसते, आणि तो देश हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकांच्या यादीत वरच असतो. पण ती रचना तुमच्या मंडळाच्या हातात नाही; रविवारचा सराव सामना आहे.

हे सदर तिसऱ्या तुकडीतल्या मुलींचे आईवडीलही वाचत असतील. तुमची तळमळ मला समजते. दहावीला क्रीडागुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्या सगळ्याची वाट प्रमाणपत्रातून जाते. त्यामुळे मैदानावरची प्रत्येक जागा घरात फार मोलाची वाटू लागते. सरांकडे जरूर जा आणि आपल्या मुलीसाठी पळण्याचा वेळ मागा. दुसरीचे नाव न घेता मागा. ‘माझ्या मुलीला आठवड्यात किती वेळ संरक्षण करायला मिळते’ एवढाच प्रश्न विचारलात, तर कोणत्याही प्रशिक्षकाला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

राहता राहिली मैत्रीण. ती खेळामुळेच येत नाही, असे तुम्ही धरून चालला आहात, आणि कदाचित ते खरे असेल. पण सातवीत शिकवणीच्या वेळा बदलतात, घरी धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते, सायकल मोडते. तुमच्या मुलीने तिला विचारले आहे का, हे पत्रात नाही. तिच्या आईला फोन करून मैदानावर पाठवा असा आग्रह मात्र धरू नका, कारण मग मैत्री आणि खो-खो यांची गाठ अधिकच पक्की बसेल. रविवारी सामना नसताना तिला घरी बोलवा, दोघींना सायकलवरून कुठे जायचे ते जाऊ द्या, खेळाचा विषय त्या दोघींनी काढला तर काढू द्या. मैत्रीण कायमची दुसरीकडे वळली, तर ते दुःख खरे आहे आणि ते मुलीला सोसावे लागेल. मुद्दाम बाद होऊन ते टळणार नाही, एवढे तिला सांगता येईल.

मुलीशी बोलताना रविवारच्या सामन्याबद्दल तिला रागवू नका. तिने कोणाला दुखवू नये म्हणून तसे केले, आणि दुसऱ्याचे मन जाणणारी मुलगी संघात असणे ही चांगलीच गोष्ट आहे. तिला असे म्हणता येईल: ‘सगळ्यांना पळायला मिळावे असे तुला वाटते, ते बरोबर आहे. ते कसे जमवायचे हे मी आणि सर बघतो. तू आत गेलीस की पूर्ण खेळ.’ बाहेर आल्यावर मात्र तिच्याकडून काही अपेक्षा ठेवायला हरकत नाही: बाद होऊन आलेल्या मुलीला पाणी द्यावे, नवीन मुलीला हुलकावणी कशी द्यायची ते दाखवावे, चूक झाली म्हणून कोणावर डोळे वटारू नयेत. सगळ्या तिच्याशी पुन्हा बोलू लागतील अशी हमी मी देऊ शकत नाही. काही बोलतील, एखादी नाही बोलणार.

जन्मदाखल्याच्या मागणीचा तुम्हाला फार राग आला आहे, आणि तो स्वाभाविक आहे. तरी त्यावर भांडत बसू नका. शालेय स्पर्धेत उतरायचे तर वयाचा पुरावा प्रत्येकीला द्यावाच लागतो, तेव्हा तुमच्या मुलीच्या दाखल्याची प्रत सरांकडे आताच देऊन ठेवा, आणि या वर्षी सगळ्याच मुलींचे दाखले तालुक्याच्या सामन्यांआधी एकाच दिवशी जमा करून घ्यावेत असे त्यांना सुचवा.